मुलांनींच विषय घालावा, मुलांनींच गुण द्यावे?

निबंधाचा विषय गुरुजींनीं घालावा, निबंध मुलांनीं लिहावा आणि गुण पुनः गुरुजींनींच द्यावे, ही वांटणी आपल्या घरांतून इतकी अंगवळणी पडलेली आहे कीं, तींत कांहीं फेरफार करतां येईल ही कल्पनाच पुष्कळांस चमत्कारिक वाटते. स्वयंपाक करणारीनेंच पदार्थ ठरवावा, तिनेंच तो रांधावा आणि चव घेऊन तिनेंच 'छान झाला' म्हणावें, तर पंक्तीस बसलेल्यांनीं करावयाचें काय, असा प्रश्न आमच्या वडील बंधूंनीं आम्हांस केला, तोहि याच समजुतींतून. परंतु लेखनाचा विषय मुलांनीं ठरवावा, चांगलें लेखन कशास म्हणावें याची पट्टीहि त्यांनींच करावी, आणि त्या पट्टीनें आपलें व आपल्या सोबत्यांचें लेखन त्यांनींच मोजावें, अशी एक पद्धति शिक्षणशास्त्रांत आज बरींच वर्षें चर्चेंत आहे. गेल्या पावसाळ्यांत ती आम्हीं आमच्या रविवारच्या लहानशा वर्गांत करून पाहिली. तिची हकीकत घरांतील वडील मंडळींस विचार करण्याजोगी वाटेल, म्हणून येथें देत आहों.

आम्ही मुलुंड पूर्वेस राहतों. कुटुंब एकत्र आहे, म्हणजे दोघां बंधूंचीं बिऱ्हाडें शेजारशेजारच्या दोन सदनिकांत असून मधली भिंत काढून स्वयंपाकघर एकच ठेविलें आहे. उपनगरांतील एका माध्यमिक शाळेंत तीसांहून अधिक वर्षें मराठी शिकवून आम्ही निवृत्त झालों. सोसायटीच्या कार्यालयाची खोली रविवारीं सकाळीं रिकामी असते, आणि मेगाब्लॉकच्या धास्तीनें त्या दिवशीं कोणी दूर जावयास निघत नाहीं, हें पाहून आसपासचीं मुलें आम्ही तेथें जमवूं लागलों. गेल्या वर्षीं नऊ मुलें होतीं, सातवीपासून नववीपर्यंतचीं. त्यांपैकीं तीनच मराठी शाळेंतलीं. बाकीचीं सहा इंग्रजी माध्यमाचीं. २०२० सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व माध्यमांच्या शाळांतून मराठी सक्तीची झाली, तेव्हांपासून अशीं मुलें आमच्याकडे अधिक येऊं लागलीं आहेत. घरीं मराठी अस्खलित बोलतात, पण लिहावयास बसलीं कीं ऱ्हस्वदीर्घाच्या भीतीनें हात आखडतो, अशी त्यांची स्थिति.

पहिल्या रविवारीं मुलांनीं वह्या उघडल्या व नेहमींप्रमाणें "आजोबा, विषय सांगा" म्हटलें. विषय तुम्हीच सांगा, कशाला किती गुण तेंहि तुम्हीच ठरवा, एकूण गुण मात्र दहाच, असें आम्हीं सांगितलें. यांत कांहीं तरी कावा असावा असें मुलांस प्रथम वाटलें. मग हळूहळू जे विषय फळ्यावर आले ते असे: पावसाळ्यांतील एक दिवस, माझा आवडता सण, मोबाइल शाप कीं वरदान, फाटक्या छत्रीचें आत्मवृत्त. कोणाचाहि दाब नसतांना, मोकळ्या मनानें निवडलेले हे विषय बाजारांतील कोणत्याहि मार्गदर्शकाच्या अनुक्रमणिकेंत सांपडतील. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं निबंधमाला सुरू केली, तेव्हां ते स्वतः सरकारी शाळेंत शिक्षक होते. तिच्या ८४ अंकांचे विषय त्यांस कोणी घातले नव्हते. आज मात्र निबंध म्हणजे दुसऱ्यानें घातलेल्या विषयावर लिहावयाची गोष्ट, एवढाच अर्थ मुलांच्या मनांत उरला आहे.

गुणांची पट्टी याहून मौजेची झाली. हस्ताक्षर ३, शुद्धलेखन ३, दीड पान भरणें २, आरंभीं सुविचार किंवा कवितेची ओळ १, खाडाखोड नसणें १. झाले दहा. निबंधांत सांगितलें काय आहे, यासाठीं अर्धा गुणहि शिल्लक राहिला नाहीं, आणि तें नऊजणांपैकीं एकाच्याहि लक्षांत आलें नाहीं. यांत मुलांचा दोष नाहीं. 'विचार महत्त्वाचे' असें आपण त्यांस तोंडानें सांगतों, परंतु वहींतील तांबडी खूण बहुधा वेलांटीखालींच पडलेली असते, आणि मुलें खुणेवरून शिकतात. जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, अशा पट्टीस इंग्रजी शाळांतून 'रुब्रिक' म्हणतात, तो शब्द मुळांत तांबड्या रंगावरूनच आलेला आहे. जुन्या लॅटिन धर्मग्रंथांतील मथळे व सूचना तांबड्या शाईनें लिहीत; आपल्या हस्तलिखित पोथ्यांतूनहि अध्यायसमाप्तीचीं वाक्यें तांबडीं केलेलीं आढळतात.

नुसत्या अक्षराची पट्टी आपल्याकडे नवी नाहीं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें असावें, ओळी सारख्या चालाव्या, पानाच्या भोंवतीं जागा सोडावी, हे नियम त्यांत इतके स्पष्ट आहेत कीं, आजचा परीक्षक तो समास समोर ठेवून गुण देऊं शकेल. परंतु त्याच ग्रंथांत चौदाव्या दशकांत कवित्वाचा विचार आला आहे, तेथें समर्थांचें माप निराळें आहे. कवित्वाचे ढीट, पाठ आणि प्रासादिक असे भेद ते करतात. दुसऱ्यांचे ग्रंथ पाहून, पाठ करून, त्यांच्या धर्तीवर रचलेलें तें पाठ कवित्व. पोथी नकलून काढणाऱ्यास एक माप आणि स्वतः रचणाऱ्यास दुसरें, हा भेद तीनशें वर्षांपूर्वीं स्पष्ट होता. आमच्या मुलांनीं नकलनवीसाची पट्टी निबंधास लावली होती, इतकेंच.

आम्हीं तीबद्दल चकार शब्द काढला नाहीं. पुढच्या रविवारीं ज्यानें त्यानें आपल्या विषयावर लिहून आणावें आणि सर्वांनीं मिळून याच पट्टीनें मोजावें, असें ठरलें. एका मुलीनें पावसाळ्यांतील एका दिवसावर दोन पानें लिहिलीं होतीं. अक्षर मोत्यासारखें, आरंभीं सुविचार. मोर, बेडूक, इंद्रधनुष्य, सगळें जागच्या जागीं. तिला साडेनऊ गुण पडले. आठवींतील एका मुलानें आदल्या रविवारचे विषय सोडून 'आमची बिल्डिंग पाडली तो दिवस' असा नवाच विषय घेतला होता. मुलुंड घ्या, घाटकोपर घ्या, बोरिवली घ्या, जुन्या तीनचार मजली इमारती पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उठविण्याचें काम जिकडे तिकडे चाललें आहे. अशाच एका इमारतींत या मुलाचें कुटुंब चाळीस वर्षें राहिलें, आणि आतां नवी इमारत होईपर्यंत विकासकाकडून भाडें घेऊन आमच्या सोसायटींत बिऱ्हाड करून आहे.

निबंध सगळा पंधरा ओळींचा. सामान टेम्पोंत चढल्यावर आजीनें रिकाम्या घराचा केर काढला, दाराला कुलूप घातलें आणि किल्ली पिशवींत टाकली. बाबा म्हणाले, पुढच्या आठवड्यांत दारसुद्धां राहणार नाहीं, कुलूप कशाला? आजी कांहीं बोलली नाहीं. पाडकामाचें यंत्र आलें त्या दिवशीं सगळे पाहावयास गेले, आजी गेली नाहीं. किल्ली अजून तिच्या पिशवींत आहे. एवढेंच. 'कुलूप' हा शब्द तीन ठिकाणीं तीन तऱ्हांनीं लिहिला होता, दोन ओळी खोडल्या होत्या, सुविचार नव्हता. पट्टीप्रमाणें अडीच गुण झाले, आणि हिशेबांत कोणतीहि चूक नव्हती. वर्ग थोडा वेळ गप्प बसला. मग सर्वांत धाकटा मुलगा, सातवींतला, म्हणाला, "पण मला ती किल्लीच आठवतेय."

येथून पुढें आमचें काम फक्त फळा पुसण्याचें राहिलें. नवी पट्टी ठरावयास तीन रविवार लागले, आणि खरें शिक्षण जें काय झालें तें त्या तीन रविवारांत झालें असें आमचें मत आहे. पहिलें कलम धाकट्याच्याच शब्दांत आलें: 'वही मिटल्यावर काय आठवतें'. दुसरें, 'हें दुसऱ्या कोणाला लिहितां आलें असतें का'. तिसरें, 'कोठें खोटें वाटलें का'. शुद्धलेखनास कांहीं मुलें एकच गुण ठेवावयास निघालीं, तेव्हां पावसाळ्याच्या निबंधाची मुलगी रागावली. "मी चार वर्षं ऱ्हस्वदीर्घ पाठ केलंय, तें एकदम फुकट?" तिचा राग न्याय्य होता. मग शुद्धलेखन हवें कशासाठीं, असा प्रश्न निघाला. नियम आहे म्हणून, हें उत्तर कोणासच पुरेसें वाटेना. कोणी तरी सांगितलें कीं, त्या निबंधांत 'कुलूप' तीन तऱ्हांनीं आल्यामुळें वाचतांना प्रत्येक वेळीं थांबावें लागलें आणि किल्लीकडे लक्ष उशिरां गेलें. तेव्हां कलमाचें नांवच बदललें. 'शुद्धलेखन' जाऊन 'वाचतांना अडखळावें लागलें का' असें झालें. शेवटीं पहिल्या दोन कलमांस तीन तीन व पुढच्या दोहोंस दोन दोन गुण ठरले. शुद्धलेखनाचें प्रयोजन आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितलें असेल, पण इतक्या थोड्या शब्दांत तें सांगितलेलें आम्हीं दुसरीकडे ऐकलें नाहीं.

आतां या पट्टीचा दुसरा परिणाम ऐका. पुढच्या रविवारीं नऊ निबंधांत मिळून चार आज्या मरण पावल्या. चौघीहि हयात आहेत. त्यांपैकीं दोघी आम्हांस त्याच संध्याकाळीं भाजीबाजारांत भेटल्या. एका निबंधांत लोकलचा भीषण अपघात होता, एकांत घरास आग लागली होती. 'दुसऱ्या कोणाला लिहितां आलें असतें का' याचा अर्थ मुलांनीं 'आपल्यावर कांहीं संकट आलें आहे का' असा घेतला होता. गुण ज्या बाजूस ठेवावे त्या बाजूस लेखणी वळते. मग पट्टी सरकारी असो कीं घरगुती. नववींतली एक अबोल मुलगी त्या दिवशीं म्हणाली, "आमच्याकडे कधीं कांहीं पडलं नाहीं, कोणी गेलं नाहीं. मग ते तीन गुण मला कधींच मिळणार नाहींत का?" या प्रश्नावर अख्खा रविवार गेला. आज्यांचा निकाल मात्र तिसऱ्या कलमानें लगेच लावला. त्या चारहि निबंधांत आजी 'अनंतांत विलीन' झाली होती, आणि आपल्या घरांत कोणी असें बोलत नाहीं हें मुलांच्याच ध्यानांत आलें.

त्या अबोल मुलीनें पुढें कुकरच्या शिट्ट्यांवर लिहिलें. पहांटे पांचपासून इमारतीच्या मधल्या चौकांतून कोणाच्या घरची शिट्टी केव्हां ऐकूं येते, त्यावरून कोणाची गाडी किती वाजतांची, कोणाला आज उशीर झाला, कोणाची सासू गांवाहून आली, हें सगळें तिला अंथरुणांत पडल्या पडल्या कळतें. दोन आठवडे तिसऱ्या मजल्यावरची शिट्टी ऐकूं आली नाहीं, तेव्हां त्या गृहस्थांची नोकरी सुटल्याचें तिला कोणी सांगण्यापूर्वींच उमगलें होतें. हें वाचून आमच्या सूनबाईनें आमच्याकडील शिट्टीविषयीं तींत काय लिहिलें आहे, याची चौकशी केली.

घरांत या सगळ्यावर वाद झाल्याशिवाय राहिला नाहीं. आमचे बंधु हिशेब तपासनीस होते, आणि ज्याचा हिशेब त्यानेंच तपासावा ही गोष्ट त्यांच्या तत्त्वास सोडून आहे. त्यांनीं दाखला दिला तो शालान्त परीक्षेचा. दहावीच्या भाषाविषयांत शाळेच्या हातीं २० गुण होते, ते २०१९ च्या परीक्षेपुरते काढून टाकले. त्या वर्षीं राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला, आदल्या वर्षीं तो ८९.४१ टक्के होता. ओरड झाली आणि ते गुण पुनः आले. "घरचें माप सैलच असायचें," ते म्हणाले. त्या वर्षीं अभ्यासक्रमहि नवा होता, तेव्हां सारी घट त्या २० गुणांच्या माथीं मारतां येणार नाहीं, हें आम्हीं सांगितलें. पण त्यांचा मुद्दा अगदींच खोटा आहे असेंहि नव्हे.

बाहेरच्या तपासनिसाचें माप तरी कितपत घट्ट असतें, हें मात्र पाहिलें पाहिजे. १९१२ सालीं अमेरिकेंत स्टार्च आणि एलियट या दोघां अभ्यासकांनीं इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. त्याच एका उत्तरपत्रिकेस कोणी शंभरांपैकीं पन्नास गुण दिले होते, तर कोणी नव्वदांहून अधिक. पुढें १९६१ सालीं तेथेंच पॉल डीडरिक व त्यांचे सहकारी यांनीं ३०० निबंध ५३ जाणत्या वाचकांस दिले व त्यांच्या नऊ प्रती लावावयास सांगितल्या. वाचकांत शिक्षक होते, संपादक होते, वकील आणि व्यापारीहि होते. १०१ निबंधांस पहिलीपासून नववीपर्यंत सगळ्याच्या सगळ्या प्रती मिळाल्या, आणि पांचांहून कमी निरनिराळ्या प्रती मिळालेला निबंध एकहि निघाला नाहीं. मग त्यांनीं वाचकांचे शेरे वेगळे काढून पाहिले. कोणी विचारास भुलत होता, कोणी मांडणीस, कोणी शब्दांस, कोणी लिहिणाऱ्याच्या ढंगास, तर कोणी नुसत्या व्याकरणाच्या चुका मोजीत होता. पुढें ज्या लेखनाच्या गुणपट्ट्या झाल्या, त्यांस या वर्गवारीचा मोठा आधार मिळाला. म्हणजे वाचणाऱ्यास काय भावलें हें विचारून पट्टी करावयाची, हीच वाट तेथील पंडितांनीं धरली, जी आमच्या सातवींतल्या मुलानें किल्ली आठवून धरली होती. बंधूंनीं हें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "त्रेपन्न तपासनिसांत हिशेब जुळला नाहीं, म्हणून तपासनीसच काढून टाकायचा का?" या प्रश्नास आमच्याजवळ चटकन् उत्तर नव्हतें.

सूनबाई एका मोठ्या कंपनींत आहे. ती म्हणाली कीं, तिच्या कचेरींत दर वर्षीं प्रत्येकानें आपलीं उद्दिष्टें आपणच लिहावयाचीं व आपणच आपणांस गुण द्यावयाचे असतात. सगळे पांचांपैकीं पांच देतात, साहेब त्याचे तीन करतो, आणि साहेब तीन करणार हें ठाऊक असल्यामुळेंच सगळे पांच देतात. आमच्या मुलांच्या गुणांवर पगारवाढ अवलंबून नाहीं, हा यांतला फरक लहान नाहीं.

सरकारी कागदांत ही गोष्ट मुळींच नाहीं असें कोणी समजूं नये. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानंतर महाराष्ट्रानें २० ऑगस्ट २०१० रोजीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. त्यांत मुलांची वाढ पाहण्याचीं साधनें सांगितलीं आहेत: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि अगदीं शेवटीं 'इतर' या सदराखालीं सहाध्यायींनीं केलेलें व ज्याचें त्यानें केलेलें मूल्यमापन. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंहि प्रगतिपत्रकांत या दोहोंस जागा दिली आहे. कागदावर जागा आहे. साठ मुलांच्या वर्गांत ती भरावयास शिक्षकास वेळ कोठून आणावा, हें कागदावर नाहीं.

गणपति झाल्यावर आम्हीं मुलांस आपापले जुने निबंध नव्या पट्टीनें पुनः मोजावयास सांगितलें. आधीं स्वतःचे गुण घडी घातलेल्या चिठ्ठीवर लिहावयाचे, मग इतरांनीं द्यावयाचे, आणि शेवटीं चिठ्ठी उघडावयाची. बहुतेकांच्या दोन आंकड्यांत गुण दीड गुणाचें अंतर पडलें. बिल्डिंगच्या निबंधास इतरांनीं नऊ दिले होते. त्याची स्वतःची चिठ्ठी उघडली, तींत चार. मुलांनीं ओरडा केला. विनय दाखवितो म्हणून कोणी चेष्टाहि केली. तो कांहीं बोलला नाहीं. सगळे गेल्यावर खुर्च्या भिंतीशीं लावतां लावतां त्यानें आम्हांस सांगितलें तें असें. इमारत पाडण्याच्या संमतिपत्रावर सही करावयाची आजीच्या मनांत नव्हती. बाबांनीं ती करावयास लावली. त्यानंतर सहा महिने दोघें एकमेकांशीं बोलत नव्हतीं. "मी लिहिलं, आजी कांहीं बोलली नाहीं. सगळ्यांना वाटलं, तिला वाईट वाटलं म्हणून. ती रागावली होती, म्हणून बोलली नाहीं. तें मला माहीत होतं, मी लिहिलं नाहीं. 'कोठें खोटें वाटलें का' यांत मी शून्य दिलं."

ज्या गोष्टीसाठीं ही पद्धति आम्हांस मोलाची वाटते, ती हीच आहे. तो निबंध कोणत्याहि परीक्षकापुढें ठेवा, स्टार्चच्या १४२ शिक्षकांपुढें ठेवा. जें लिहिलेंच गेलें नाहीं त्याबद्दल कोणी गुण कापूं शकणार नाहीं. परीक्षक पानावरची चूक पाहतो. पानावर न आलेली गोष्ट एका लिहिणाऱ्यासच ठाऊक असते, आणि तिचा जाब विचारणारें कलम त्याच्या हातीं असल्याशिवाय ती निघत नाहीं. बंधूंच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्या रात्रीं दिलें तें एवढेंच: तपासनीस असावा, पण कांहीं खातीं अशीं असतात कीं, त्यांचे कागद त्याच्यापुढें येतच नाहींत. हें त्यांस पटलें. हिशेबतपासणींतहि तसेंच असतें, असें ते म्हणाले, व दोन जुने किस्से त्यांनीं सांगितले.

यांत एक अवघड भाग आहे, व तो एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगितलाच पाहिजे. घरांतलें भांडण मुलानें वर्गांत आणावें काय? घराच्या चार भिंतींत राहावयाच्या गोष्टी असतात, आणि खरेपणास दोन गुण ठेवले म्हणून त्या बाहेर पडूं लागल्या, तर आईबापांनीं मुलांस वर्गास पाठवूं नये हेंच बरें. आम्हीं त्या मुलास लिही असें म्हटलें नाहीं आणि लिहूं नकोस असेंहि म्हटलें नाहीं. लिहिलेंस तर आम्हांस दाखविलें पाहिजे असें नाहीं, ज्यांच्याविषयीं लिहिशील त्यांस आधीं विचार, एवढेंच सांगितलें. हा नियम पुढें मुलांनीं आपल्या पट्टीच्या खालीं लिहून ठेविला. त्यास गुण नाहींत.

ऑक्टोबरांत त्या मुलाची आई आम्हांस भेटावयास आली. तिची काळजी रास्त होती. "सर, शाळेंत असल्या पट्टीनं कोण तपासणार?" कोणी नाहीं. मराठी घेऊन दहावीस बसणाऱ्यास ८० गुणांच्या कृतिपत्रिकेंत उपयोजित लेखनाचे २४ गुण मिळवावे लागतात. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, गोष्ट, यांचे ठराविक नमुने आहेत, आणि मायना चुकला कीं गुण जातो. आम्हीं तिला मुलाच्या वहीचें शेवटचें पान दाखविलें. त्यावर त्यानें आपण होऊन शाळेची गुणदानयोजना एका बाजूस व वर्गाची पट्टी दुसऱ्या बाजूस लिहून ठेविली होती. शाळेंत गणवेश घालतात आणि घरीं तो काढतात, त्यांत मुलांचा गोंधळ होत नाहीं; येथेंहि झाला नव्हता. सहामाहींत त्यास निबंधांत आठांपैकीं पांच गुण पडले. पूर्वींहि पांचच पडत. 'कुलूप' मात्र आतां तो बरोबर लिहितो.

दिवाळीच्या सुटींत मुलांनीं हस्तलिखित काढावयाचें ठरविलें. मराठी शाळांतून ही चाल जुनी आहे. साने गुरुजी तर अमळनेरास असतां छात्रालयांतील मुलांसाठीं हातानें लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत. हस्तलिखितांत प्रत्येक निबंधाखालीं गुण छापावे कीं नाहीं यावर मतें घेतलीं, तीं न छापण्याच्या बाजूनें पांच व विरुद्ध चार पडलीं. पट्टी मात्र पहिल्या पानावर तांबड्या शाईनें लिहावी, यास सर्वांची संमति होती. अक्षराचें काम अर्थात् पावसाळ्याच्या निबंधाच्या मुलीकडे गेलें, आणि तिनें तें अशा थाटानें केलें कीं, तिचीं चार वर्षें फुकट गेलीं असें आतां कोणी म्हणणार नाहीं.

बिल्डिंगचा निबंध त्या मुलानें पुनः लिहिला व छापण्यापूर्वीं बाबांस वाचावयास दिला. त्यांनीं तो दोन दिवस ठेवून घेतला. परत दिला तेव्हां त्यांत त्यांनीं एकच दुरुस्ती केली होती: 'सहा महिने' खोडून 'चार महिने' केलें होतें. मुलानें आजीस विचारलें. आजी म्हणाली, सहाच. तिसऱ्या कलमाप्रमाणें यांतलें खरें कोणतें, हें ठरविण्यासाठीं मुलांनीं दिवाळीपूर्वींचा शेवटचा रविवार खर्च केला. हस्तलिखितांत 'बाबांच्या मतें चार व आजीच्या मतें सहा महिने' असें छापलें आहे.